अक्कांचं गप्प बसणं

अक्कांची नक्कल मला दोन दिवसांत जमली होती. आवाज पोटातनं सोडायचा, नाकातनं बाहेर काढायचा, वाक्य संपताना पायरी उतरल्यासारखं जरा खाली यायचं आणि दर तिसऱ्या वाक्याला 'पुढं सरका' घालायचं. बास. शाळेतल्या आमच्या हेडसरांना मला आठवडा लागलेला, आणि गावाकडच्या कारखान्याच्या भोंग्याला दिवाळीची अख्खी सुट्टी. त्या मानानं अक्का म्हणजे सोपा पेपर, असं मला वाटायचं.

अक्का आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात मोठ्या. साठी गाठलेल्या. ऑफिस सांगलीत, विश्रामबागेला, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर. काम काय, तर लोकांचं ऐकून घेणं. आमची कंपनी म्हणजे मोबाईलमधलं एक अॅप. मन लागेना, झोप येईना, बोलायला घरात कोण नाही, तर अॅप उघडायचं, बटण दाबायचं, की पलीकडं आमच्यातला एक जण. आम्हाला 'श्रोते' म्हणायचे. आम्ही डॉक्टर नव्हे. जिथं शिकलेलं माणूस पाहिजे तिथं लाल बटण दाबायचं आणि फोन समुपदेशक ताईंकडं द्यायचा. बाकी ऐकायचं. घरी हे सांगितल्यावर आमच्या वडलांनी आईकडं बघून विचारलं, "ऐकायचा पगार देत्यात? मग मी तीस वर्सं फुकट ड्युटी केली की."

अक्का त्याआधी एसटीत कंडक्टर. रिटायर होऊन चार महिने घरात बसल्या, आणि घरच्यांनीच त्यांना नोकरी बघितली म्हणे, कारण सुनेनं चहा पुढं केला की त्या 'सुट्टे द्या' म्हणायला लागल्या होत्या. ही गोष्ट मीच पसरवलेली आहे, तेव्हा तिच्यावर फार जाऊ नका. मुलाखतीची मात्र खरी. पुण्याच्या मॅडमनी स्क्रीनवरनं विचारलं, "समोरची व्यक्ती रडायला लागली तर तुम्ही काय कराल?" अक्का म्हणाल्या, "खिडकीची जागा दीन." मॅडमनी ते लिहून घेतलं. पुढं ते वाक्य मागं डोंगराचा फोटो घालून आमच्या भिंतीवर लागलं. अक्कांनी ते बघितलं आणि म्हणाल्या, "डोंगर कशाला? मी कोल्हापूर रोडचं बोलत हुते."

अक्का खुर्चीवर बसायच्या नाहीत. फोन आला की उभ्या राहायच्या, पाय फाकवून, एक हात लोखंडी कपाटावर, आणि गाडी चालल्यागत जरा जरा डुलायच्या. बसलं की म्हणे लोकांचं ऐकूच येत नाही. खांद्याला ती जुनी चामड्याची पिशवी. तिच्यात जेवणाचा डबा, एक नॅपकिन आणि तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. मशिनीतनं तिकीट निघायच्या आधीच्या काळातला. आम्हाला त्या नावानं हाक मारायच्या नाहीत, गावानं मारायच्या. मी 'फलटण'. माझ्या शेजारची पोरगी 'इस्लामपूर'. "ओ इस्लामपूर, पंखा बारीक करा. फलटण, पाय आत घ्या." पुण्याच्या मॅडमना तोंडावर 'मॅडम' आणि मागनं 'विनाथांबा'.

कंपनीनं आम्हाला बोलायची वाक्यं छापून दिली होती. पहिलंच वाक्य, 'तुमच्या भावना मी समजू शकते.' अक्कांनी ते कधी म्हटलं नाही. "मी कशी समजू? मी काय त्यांच्या घरात ऱ्हाते व्हय?" त्या विचारायच्या, "कुठनं बसलाय?" म्हणजे हे कधीपासनं सुरू झालं. आणि मग, "आज कुठवर जायचंय?" लोकांना बरोबर कळायचं. फोन संपला की टेबलावर दोन ठोके. डबल बेल.

पाळीवर आल्यावर हजेरी लावताना स्क्रीनवर पाच तोंडं यायची, रडक्यापासनं हसऱ्यापर्यंत, आणि आज आपण कसे आहोत ते निवडायचं. अक्का रोज मधलं. वर्षभर मधलंच. शेवटी मॅडमनी काळजीनं विचारलं, की तुम्हाला कधीच आनंद होत नाही का. अक्का म्हणाल्या, "आवं, गाडी स्टँडातच हाय अजून. परवास कसा झाला, आत्ताच कसं सांगू?"

नियम असा होता, की फोनवरचा माणूस अर्धा मिनिट गप्प बसला की आपण म्हणायचं, 'मी ऐकतोय.' अक्का त्याऐवजी चिमटा वाजवायच्या. टिक-टिक. गाडीत अंधारात कंडक्टर दांडीवर वाजवतो, तसं. थोड्या वेळानं परत, टिक-टिक. बोला म्हणून नाही, मी आहे म्हणून. त्यांची आई कर्नाटकातली. ती म्हणायची 'सुम्म बस', म्हणजे नुसतं बस, काय करू नको. अक्कांचं म्हणणं, निम्म्या लोकांना तेवढंच पाहिजे असतं, पण फुकट कोण बसू देत नाही.

आणि जेवण. अक्का जैन, दिवस बुडायच्या आत जेवणाऱ्या. एसटीत असताना संध्याकाळच्या गाडीला इस्लामपूरला जेवढा वेळ थांबा, तेवढ्यात त्या गाडीमागच्या शिडीच्या बाजूला उभ्या राहून भाकरी खायच्या. एकदा एका पुढाऱ्यानं खिडकीतनं घड्याळ दाखवलं. तोंडातला घास संपवून अक्का म्हणाल्या, "सूर्य थांबणार न्हाई, तुमी थांबा." ऑफिसातपण तेच. सूर्य खाली आला की हेडफोन काढायचा, डबा घेऊन गच्चीवर जायचं, पश्चिमेकडं तोंड करून जेवायचं. परत येताना ओठ पुसलेले आणि सूर्य गेलेला.

मी अक्कांची नक्कल पहिल्यांदा केली ती त्या गच्चीवर असताना. कपाटावर हात, पाय फाकवले, "ओ पुढं सरका, मधी काय पेढे वाटत न्हाईत." सगळे हसून आडवे. इस्लामपूर हसता हसता एकदम थांबली, तेव्हा मला कळलं मागं कोण आहे. अक्का रागावल्या नाहीत. डबा पिशवीत ठेवत म्हणाल्या, "बोलणं झ्याक काढलंस, फलटण. आता माझं गप बसणं काढून दाखव."

मी तोंड मिटलं. पाच सेकंदांत मला हसू फुटलं.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या.

अक्कांचा एक नेहमीचा माणूस होता. आमच्या अॅपवर नाव विचारत नाहीत, माणसाला फुलाचं नाव आपोआप पडतं. या गड्याला पडलं होतं शेवंती. शेवंती म्हणजे पासष्टीचे, आटपाडीच्या पल्याडचे, आवाज असा की माळावर मारलेली हाक खाली बसून मारल्यागत. अक्का त्यांना शेवंतीमामा म्हणायच्या. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरं. मग कालव्याचं पाणी आलं, पोरानं डाळिंब लावलं, डाळिंब चांगलं आलं, मेंढरं विकली. अॅप नातीनं घालून दिलेलं. त्यांचं दुःख काय, तर त्यांनी एकदाच सांगितलं होतं. "कशाची कमी न्हाई, अक्का. फकस्त दिस बुडताना हातास्नी काय करावं कळत न्हाई." मेंढरं वाड्यात यायची ती वेळ. म्हणून बरोबर सूर्य टेकला की मामांचा फोन, आणि बरोबर तेव्हाच अक्का जेवून खाली. दोघांचं घड्याळ एकच. मग दहा-बारा मिनिटं बहुतेक काही नाही. टिक-टिक. मामा म्हणायचे, "आज वारं हाय." अक्का म्हणायच्या, "हाय." टिक-टिक. मामांना तो आवाज आवडायचा. मेंढरं रवंथ करत्यात तसं वाटतंय, म्हणायचे.

हे सगळं मी सांगतोय ते मामांना विचारून. "सांग की," म्हणाले, "नाव कुठं शेवंतीशिवाय हाय."

दिवाळीनंतर पुण्यानं नवीन सॉफ्टवेअर आणलं. त्यात सगळ्यांची जेवणाची सुट्टी एकच, संध्याकाळी सात. त्याआधी कोण हेडफोन काढून उठलं की नावापुढं लाल खूण. तीन लाल खुणा झाल्या की संध्याकाळची पाळी बंद, सकाळी टायपिंगला. सातला तर सूर्य जाऊन तास झालेला. अक्का आपल्या वेळेला उठल्या. दोन दिवसांत दोन खुणा. अक्का टायपिंग एका बोटानं करायच्या, 'क' कुठं आहे ते रोज नव्यानं शोधून. पण खरी अडचण ती नव्हती. संध्याकाळ गेली की मामा गेले. मामांनी दुसऱ्या कुणाशी बोलायचा एकदा प्रयत्न केला होता. त्या श्रोत्यानं दर अर्ध्या मिनिटाला 'मी ऐकतोय' म्हटलं आणि मामांनी विचारलं, "काय?"

"मॅडमशी बोला की," इस्लामपूर म्हणाली.

"बोलले. सिस्टीमला इचारते म्हणाल्या. सिस्टीमला सूर्य दिसत न्हाई."

तेव्हा मला शक्कल सुचली. अक्का गच्चीवर गेल्या की मी त्यांच्या खुर्चीत बसायचं, हेडफोन घालायचा. सिस्टीमला कळणार काय, खुर्चीत कोण आहे? आणि त्या वेळेत फोन आलाच, तर आवाज आहेच आपल्याकडं. अक्कांना मी एवढंच सांगितलं, की तुमची खूण मी बघतो, तुम्ही निवांत जेवा. आवाजाचं सांगितलं नाही. आठ-दहा दिवस त्या वेळेत फोन आलाच नाही. मला तर वाईट वाटायला लागलं.

मग एक दिवस आभाळ आलं. काळं, खाली उतरलेलं. अक्कांच्या पंचांगात सूर्यास्त व्हायला अजून वेळ होता, त्या वर जेवत होत्या. पण माळावर अंधारून आलं की मेंढरं लवकर फिरतात. हेडफोनात फोन वाजला आणि स्क्रीनवर आलं, शेवंती.

"या मामा, बसा," मी अक्कांच्या आवाजात म्हणालो.

"अक्का?"

"मग कोण?"

"आज आभाळ हाय."

"हाय की. हितं बी हाय. पुढं सरका, बोला."

मामा गप्प झाले. एक सेकंद, दोन, पाच. चिमटा अक्कांच्या पिशवीत, पिशवी गच्चीवर. मी सुरू झालो. इस्लामपूरच्या स्टँडवरचा किस्सा सांगितला, पुढाऱ्याच्या घड्याळासकट. खिडकीच्या जागेचं सांगितलं. मधल्या तोंडाचं सांगितलं. अक्कांची वर्षभरातली सगळी चांगली वाक्यं मी अकरा मिनिटांत घातली, गॅदरिंगला घालतात तशी. आवाज असला लागला होता, की इस्लामपूरनं दोनदा मान वर करून बघितलं.

"काय मामा, बरोबर का न्हाई?"

मामा म्हणाले, "बरं. ठेवतो, अक्का. लय उपकार झाले तुमचे."

मी हेडफोन काढला आणि इस्लामपूरला म्हणालो, "बघ. उपकार म्हणाले."

ती म्हणाली, "निरोप घेतल्यागत म्हणाले."

दुसऱ्या दिवशी मामांचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. अक्का जेवून यायच्या, कपाटाला हात लावून उभ्या राहायच्या, चिमटा हातात, वाजवायच्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी एका बोटानं मागच्या फोनांची यादी उघडली. त्यांच्या नावावर, शेवंती, अकरा मिनिटं. त्या तेव्हा वर भाकरी खात होत्या. माझ्याकडं वळल्या.

"किती वेळा 'पुढं सरका' म्हणालास?"

"तीनदा."

"मी त्यास्नी एकदाबी म्हणले न्हाई," अक्का म्हणाल्या. "ते लय पुढं सरकून बसल्यात, रं. आता पुढं कुठं सरकायचं?"

एवढंच. मला वाटलं होतं शिव्या देतील. मी मनात शिव्यांची नक्कलपण तयार करून ठेवली होती.

अक्कांनी लाल बटण दाबलं. ताई म्हणाल्या, शेवटच्या फोनचं रेकॉर्डिंग पुण्याला ऐकावं लागेल. आणि तिथं माझी नक्कल मला नडली. कारण आवाज इतका बरोबर होता, की ऐकणाऱ्याला वाटणार, अक्काच अकरा मिनिटं बडबडत होत्या. मामा का गेले ते कुणाला कळणार नाही, आणि दोष अक्कांवर. मी अक्कांकडं बघितलं. अक्का म्हणाल्या, "माझ्या नावावर लागलंय, लागू दे. माणूस सापडला पायजे."

मी मॅडमना स्क्रीनवर सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर, खुर्ची, आवाज. मॅडम हलल्या नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं, म्हणून मी परत पहिल्यापासनं सांगितलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "ऐकू आलं होतं." आणि जरा थांबून, "हा तुमचा स्वतःचा आवाज आहे?"

"हो."

"पहिल्यांदा ऐकतेय."

नातीनं अॅप घालताना 'परत फोन केला तरी चालेल' या चौकोनात बरोबरची खूण केली होती, त्यामुळं फोन करता येत होता. ताई लाईनवर राहणार, मॅडम ऐकणार. करायचा कुणी? मी अक्कांकडं हेडफोन धरला. त्यांनी घेतला नाही. "चुकीच्या स्टॉपला ज्यानं उतरवलंय त्यानंच परत चढवायचं."

घंटी वाजत राहिली. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही. मग आवाज आला. "कोण?"

"मामा, त्या दिवशी मी होतो. अक्का नव्हत्या. मी त्यांचा आवाज काढला. चुकलं माझं."

मामांनी विचारलं, "तू माणूस हायस?"

"व्हय."

"मशीन न्हवं?"

"न्हाई मामा. फलटणचा हाय."

"मग अक्का कवा गेल्या?"

"कुठं?"

"कुठं म्हणून काय इचारतोस? वर."

मामाच सांगायला लागले. "दोन शब्दात कळलं मला. म्या गप बसलो की अक्का गप बसत्यात. हे आपलं बोलतंय, बोलतंय. आन ते टिकटिक बी न्हवतं. नात म्हणती आजकाल मशिनीत माणसाचा आवाज भरत्यात. म्हणलं, बाई गेली, आन कंपनीनं सांगितलं न्हाई. मेंढीचं पिल्लू मेलं की त्येचं कातडं दुसऱ्या पिल्लाला बांधत्यात, मेंढीनं पाजावं म्हणून. तसं केलंय म्हणलं. उपकार झाले तेवढं म्हणलं आन ठेवला. चार दिस झालं, दाढी केली न्हाई म्या. पोरगं इचारतंय कुणाचं सुतक. काय सांगू त्येला, कंडक्टरबाईचं?"

मी अक्कांकडं बघितलं. त्या कपाटाला हात लावून उभ्या होत्या, पण डुलत नव्हत्या. गाडी थांबलेली. त्यांनी पिशवीत हात घातला, चिमटा काढला आणि माझ्या तोंडापुढच्या माईकजवळ आणला.

टिक-टिक.

तिकडनं श्वास ऐकू आला. मग, हळू, "अक्का?"

"दाढी करून घ्या, मामा," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर कुणी काही बोललं नाही. ताई लाईनवर, मॅडम पुण्यात, इस्लामपूर तोंडावर ओढणी घेऊन. अर्धा मिनिट झाला, दोन झाले, नऊ झाले. 'मी ऐकतेय' असं कुणीही म्हणालं नाही. खाली दुकानात कुणीतरी नांगराचा फाळ टाकला, तेवढाच आवाज.

मला महिनाभर फोनवरनं उठवलं आणि कपाटातल्या फायली लावायला दिल्या. कंपनीच्या नियमांत एक नवा नियम आला, 'श्रोत्याने स्वतःच्याच आवाजात बोलावे.' असा नियम असलेली बहुतेक जगात आमची एकच कंपनी. अक्कांच्या दोन लाल खुणा तशाच राहिल्या, पण मॅडमनी सांगलीच्या सूर्यास्ताचं वेळापत्रक मागवून घेतलं आणि अक्कांची सुट्टी दर आठवड्याला हातानं बदलायला लागल्या. अक्का त्यांना मागनं विनाथांबा म्हणायच्या बंद झाल्या. 'जलद' म्हणायला लागल्या.

महिना झाल्यावर अक्कांनीच ठरवलं. त्या गच्चीवर असताना आभाळ येऊन मामांचा फोन लवकर आला, तर तो मी घ्यायचा. मामांना विचारलं. ते म्हणाले, "अंगावरचं ते कातडं काढून बसू दे, मग चालंल." मी अक्कांकडं चिमटा मागितला. "तो न्हाई मिळणार," त्या म्हणाल्या. "तुझं तू बघ."

पहिल्यांदा मी पेन टिकटिकवलं. मामा म्हणाले, "हे काय, झुरळ हाय का तिथं?" पेन ठेवलं. मग काहीच उरलं नाही. बोलायचं नाही, वाजवायचं नाही, कुणाचा आवाज काढायचा नाही. नुसतं बसायचं. माझ्या घशात निदान सात-आठ माणसं बाहेर यायला धडपडत होती, हेडसर, भोंगा, सगळे. मी कपाटाला हात लावला. खिडकीतनं आभाळ दिसत होतं. तिकडं मामांच्या अंगणात कोणतरी बादली ठेवली.

"हायस का रं?" बऱ्याच वेळानं मामांनी विचारलं.

"हाय."

"मग बस."

मी बसलो. किती वेळ ते माहीत नाही. मागं जिन्यावर पावलं वाजली. अक्का नॅपकिननं हात पुसत येऊन उभ्या राहिल्या, हेडफोन मागितला नाही. माझं तोंड बघितलं, कपाटावरचा हात बघितला, मग खाली बघितलं.

"पाय हलतोय तुझा," त्या हळूच म्हणाल्या. "बाकी बरं हाय."